रविवारची सर्व्हिसिंग

मनोहरराव लांजेवार माझे शेजारी. सक्करदऱ्यात आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि त्या भिंतीवरून आम्ही चौतीस वर्षं भांडलो. विषय एकच. दर रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्या अंगणात लूना सुरू व्हायची आणि तिचा निळा धूर थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरायचा. मी शाळेत शिकवायचे, त्यामुळे आवाज चढवायची सवय होतीच. "भाऊजी, माझ्या पोह्यांना पेट्रोलचा वास येतोय!" असं मी ओरडायचे. पलीकडून ते शांतपणे म्हणायचे, "पेट्रोलचा नाही बाई, ऑइल जळल्याचा आहे. पेट्रोलचा आला तं सांगजा, कुठं गळत असंन." अशा माणसाशी भांडून हाती काय लागणार? पण मी कधी माघार घेतली नाही, आणि त्यांनीही धूर कधी थांबवला नाही.

लूना त्यांची नव्हती. ते स्वतः जन्मभर सायकलवर फिरले. एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तराजू पुसणं, भिंगं पुसणं, मुलांनी बिघडवलेलं पुन्हा जुळवणं ही त्यांची नोकरी. लूना होती त्यांच्या बायकोची, सुभद्राताईची. ताई नर्स. कुहीच्याही पुढे एका खेड्यातल्या उपकेंद्रात तिची बावीस वर्षं नोकरी झाली. तिथेच क्वार्टर होतं. सोमवारी सकाळी साडेसातला ती लूनावर निघायची ती शनिवारी संध्याकाळी परत यायची. मधले दिवस लसीचा डबा मागे बांधून या गावातून त्या गावात. इकडे पोराचे, अश्विनचे, डबे, शाळा, ताप, सगळं मनोहररावांनी केलं. नवराबायकोचा संसार म्हणाल तर रविवारचा.

आणि तो रविवारही लूनापाशी जायचा. मला सुरुवातीला याचा फार राग यायचा. आठवड्याने बायको घरी आली आहे, तिला तळ्यावर फिरायला न्यावं, दोन शब्द गोड बोलावं, ते सोडून हा माणूस पाने घेऊन बसतो! मी ताईला तसं बोलूनही दाखवलं. ती हसली. "वंदना, मले आठ दिवस चालवाची असते वं ती गाडी. रस्त्यात बंद पडली तं तुये गोड शब्द ढकलत नेऊ का?"

भिंतीवरून बघून बघून मला ती सगळी सर्व्हिसिंग पाठ झाली. लूना स्टँडवर. ताई पिढ्यावर बसलेली, मांडीवर हत्यारांचा पत्र्याचा डबा. मनोहरराव उकिडवे. ते वर न बघता हात मागे करायचे आणि ताई बरोबर तोच पाना त्या हातावर ठेवायची. आधी प्लग निघायचा. प्लगचं तोंड बिस्किटाच्या रंगाचं निघालं की इंजिन सुखात. काळं निघालं तर काजळी, पांढरं निघालं तर तापलंय. मग तो पॉलिश पेपरने घासायचा आणि फटीत करवतीचं पातं घालून अंतर बघायचं. एअर फिल्टरचा स्पंज धुऊन वाळत टाकायचा. कार्बोरेटरची वाटी काढून तळाचं पेट्रोल बशीत ओतायचं, त्यात पाण्याचे थेंब आहेत का ते दोघांनी वाकून बघायचं. शेवटी टाकीत पेट्रोल, आणि लिटरमागे चाळीस मिली ऑइल. ते मोजायला ताईची जुनी काचेची सिरिंज होती. एक थेंब इकडचा तिकडे होत नसे. हे सगळं चालू असताना त्यांचं बोलणं चालायचं. कोणाचं बाळंतपण अडलं, अश्विनला गणितात किती पडले, कोणत्या गावात लस द्यायला माय तयार नव्हती. आठवड्याचं सगळं बोलणं त्या दीड तासात. मी त्यांना एकमेकांशी लाडाने बोलताना एकदाही ऐकलं नाही. पण त्या दीड तासात कोणी दार वाजवलं तर दोघांपैकी एकही उठत नसे, हे मी स्वतः पाहिलं आहे, कारण दार वाजवणारी मीच असायचे.

ताई बारा वर्षांपूर्वी निवृत्त झाली. लूना बाजारापुरती उरली, रविवार मात्र तसाच राहिला. आता कशाला दर आठवड्याला उघडता, असं मी विचारलं तर मनोहरराव म्हणाले, "उभ्या गाडीले जास्त लागते बाई. चालती गाडी सोताले सांभाळते."

मग ताई विसरायला लागली. पहिल्यांदा आम्ही हसण्यावारी नेलं. वरणात दोनदा मीठ, गॅसवर रिकामं भांडं. मग एक दिवस ती आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभी राहून कोणाला तरी सक्करदऱ्याचा रस्ता विचारत होती. अश्विन हिंगण्याला कंपनीत आहे, तिकडेच राहतो; तो भेटायला आला की ती त्याला "नमस्कार डॉक्टरसाहेब" म्हणायला लागली. पोरगा बाहेर येऊन माझ्या ओट्यावर बसून रडला. आणि एका मंगळवारी दुपारी भिंतीवरून तिची हाक आली, "वंदना, लवकर ये वं, माया घरात कोन मानूस घुसला पाय!" मी धावत गेले. घरात मनोहरराव होते. हातात तिच्यासाठी सोललेली मोसंबी.

गंमत अशी, की तिला मी आठवायचे. भिंतीपलीकडची बाई आठवते आणि ज्याच्यासोबत जन्म काढला तो आठवत नाही, हा कुठला न्याय? मला त्या माणसाकडे बघवत नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटायची.

पण रविवारी तो आठवायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. नऊ वाजले की मनोहरराव लूना अंगणात काढायचे, स्टँडवर लावायचे, पिढा ठेवायचे. हाक मारायचे नाहीत. आठवडाभर खिडकीशी बसून राहणारी ताई आपणहून उठून यायची, डबा मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, "अजी, पयले प्लग पाहा. परवा चढावर लय दमली ते." आठवडाभर "तुमी कोन", आणि रविवारी "अजी". दीड तास ती त्यांची बायको असायची. उपकेंद्राच्या गोष्टी सांगायची, वीस वर्षांपूर्वीच्या, पण अगदी कालच्यासारख्या. ते "हो का", "मंग" म्हणत ऐकायचे. हात मागे केला की बरोबर पाना यायचा. लूना फडफडली, धूर झाला, की ती हसायची. मग इंजिन बंद, हात धुणं, आणि जेवणाच्या ताटापर्यंत पुन्हा "तुमी कोन". त्या दिवसांत मी स्वयंपाकघराची खिडकी लावायचं सोडून दिलं.

अश्विनला भीती होती ती बरोबरच होती. एकदा ताई लूना ढकलत फाटकापर्यंत गेली होती. "बाबा, गाडी विकून टाका. आई निघून गेली तं?" तो म्हणाला. मीही त्याचीच बाजू घेतली. मनोहरराव म्हणाले, "गाडी गेली तं तिचा नवराही गेला गा." शेवटी तडजोड झाली. सर्व्हिसिंग संपली की मनोहरराव प्लग काढून शर्टाच्या खिशात ठेवणार, पुढच्या रविवारीच लावणार. प्लग नसलेलं इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. अश्विनचं म्हणणं होतं की टाकीही रिकामी करा. पण त्याला ते तयार झाले नाहीत.

"पावसाळ्यात रिकामी टाकी आतून गंजते. अर्धी टाकी म्हणजे अर्धा गंज."

मी भडकले. "गंजू द्या ना! माणूस मोठा की टाकी?"

"गंज कार्बोरेटरच्या जेटमंधी गेला तं गाडी सुरू होनार नाही बाई. मंग इतवारी तिले काय दाखवू?"

त्यांनी टाकी काठोकाठ भरून ठेवली.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. सोमवार होता. मी सकाळी ओट्यावर चहा घेत होते. साडेसात वाजले असतील. लूनाचा आवाज आला. फाटकातून सुभद्राताई बाहेर पडली. पांढरी साडी, केस नीट विंचरलेले, खांद्याला पिशवी. माझ्याकडे बघून म्हणाली, "येतो वं वंदना, शनवारी." आणि मी हात केला.

मी हात केला. बावीस वर्षं दर सोमवारी केला होता, तसाच. तिची लूना कोपऱ्यावर वळली, मी चहाचे आणखी दोन घोट घेतले, आणि मग कप तिथेच टाकून उठले. आजही कोणी मला सोमवारी चहा दिला की मी तो तसाच ठेवते. लोक म्हणतात तुमची काय चूक. माझीच चूक. माझ्या डोळ्यांसमोरून गेली ती.

मी आरडाओरडा करत त्यांच्या घरात शिरले. मनोहरराव न्हाणीतून पंचा गुंडाळून बाहेर आले. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात त्यांनी हात घातला. प्लग तिथेच होता. तो तळहातावर घेऊन ते म्हणाले, "प्लग तं माह्यापाशी आहे." पुन्हा म्हणाले, "प्लग तं माह्यापाशी आहे बाई." मग अंगणात गेले. पिढ्यावर हत्यारांचा डबा उघडा पडला होता. प्लगचा पाना बाहेर होता, शेजारी तेलकट फडक्याचा एक तुकडा. त्यांनी तो तुकडा उचलला आणि तिथेच मातीत बसले.

तिच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुहीच्या रस्त्यावर प्लग काजळीने बंद पडला होता आणि ताईने भर उन्हात चार कोस लूना ढकलली होती. त्याच्या पुढच्या रविवारी मनोहररावांनी तिला प्लग बदलायला शिकवलं. एकदा नाही, दहा वेळा. मग डोळे मिटून. आधी बोटांनी फिरवायचा, आटे बरोबर बसले की पाना लावायचा, शेवटी पाव फेरा, जास्त आवळायचा नाही. आणि एक जादा प्लग फडक्यात गुंडाळून सीटखालच्या कप्प्यात, कायमचा. तो जादा प्लग आजपर्यंत तिथेच होता. दर रविवारी मनोहरराव तो काढायचे, पुसायचे, करवतीच्या पात्याने अंतर बघायचे आणि परत फडक्यात बांधून सीटखाली ठेवायचे. तो सर्व्हिसिंगचा भाग होता. एक प्लग खिशात लपवताना दुसरा आपणच तिच्या हाताशी ठेवतो आहोत, हे त्यांच्या मनातही आलं नाही. इतकं नीटनेटकं काम करणाऱ्या माणसाकडूनच असं होतं.

"पोराचं तोंड इसरली," ते मातीत बसून म्हणत होते, "माहं नाव इसरली. हे काहून नाही इसरली?"

अश्विन हिंगण्याहून मोटरसायकलने आला आणि बापाला मागे बसवून निघाला. मी फोन घेऊन बसले. त्या रस्त्यावरचे रेतीचे ट्रक मला ठाऊक होते. मी देवाला नवस बोलले नाही, शिव्या दिल्या. दुपारी बारा वाजता अश्विनचा फोन आला. "मिळाली काकू. उपकेंद्रात आहे." एवढं बोलून त्याला हुंदका आला. मी पदर तोंडात कोंबून रडले.

पुढचं मला मनोहररावांनी सांगितलं. चाळीस किलोमीटर ती एका दमात गेली होती. कुठे चुकली नाही, कुठे पडली नाही, गाडी एकदाही बंद पडली नाही. बंद पडणारच नव्हती. आदल्या दिवशीच सर्व्हिसिंग झाली होती. उपकेंद्रात आता गोपिका नावाची तरुण नर्स आहे. ताईने तिथे पोचल्यावर हात धुतले, रजिस्टर मागितलं आणि बाकावर बसलेल्या एका गरोदर पोरीला गोळ्या न घेतल्याबद्दल रागावली. गावातल्या दोघीतिघींनी तिला ओळखलं. एकीचा तर जन्मच ताईच्या हातून झाला होता, तिने चहा आणला. गोपिकाने शहाणपणाने सगळ्यांना गप्प बसवलं आणि ताईला तिच्या खुर्चीत बसू दिलं.

"मी तिले काम करताना कधी पायलंच नव्हतं बाई," मनोहरराव म्हणाले. "बावीस वर्षं गाडी तयार करून धाडली. ते जाते कुठं, बसते कुठं, कशी बोलते, काहीच पायलं नाही. दारात उभा राहिलो आन् पायतच राहिलो. कशी ताठ बसली होती! मले पाहून म्हने, बसा बाबा, नंबर येईन तुमचा."

ते बाकावर बसले. त्यांचा नंबर येईपर्यंत बसले.

मोटरसायकल तिथेच ठेवून अश्विन तिला गावातल्या एका जीपने घेऊन निघाला. मनोहरराव लूनासाठी मागे थांबले. गावातले गणपतराव म्हणून एक शेतकरी तिथे उभे होते. त्यांना लूना दाखवून मनोहरराव म्हणाले, घ्या, धानाच्या बांधीत पाणी ओढायच्या पंपाला हे इंजिन चालेल. गणपतरावांना वाटलं थट्टा करताहेत. मग ते दोघं उपकेंद्राच्या आवारात उकिडवे बसले आणि मनोहररावांनी त्यांना सगळं समजावलं. लिटरला चाळीस मिली, अंदाजाने ओतायचं नाही. स्पंज महिन्याला धुवायचा. प्लगचा रंग बघत जा. पावसाळ्यात टाकी भरलेली. सांगून झालं तसे ते एसटीने घरी आले. खिशातला प्लग तेवढा द्यायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी येऊन म्हणाले, "बाई, धूर बंद झाला तुमचा."

चौतीस वर्षं मी जे मागत होते ते मला मिळालं. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

त्या रविवारी त्यांनी नेहमीप्रमाणे पिढा ठेवला, डबा ठेवला. मला राहवलं नाही. मी माझी स्कूटर ढकलत त्यांच्या अंगणात नेली. "हिचाही प्लग काढायचा असतो ना? काढा." त्यांनी बाजूचं झाकण उघडलं, प्लग काढला. ताई दारात आली. स्कूटरकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "कोनाची गाडी हे?" असं म्हणून आत निघून गेली. मनोहररावांनी हात मागे केला होता तो तसाच राहिला होता. पाना मी दिला. चुकीचा दिला. पण त्यांनी तोच घेतला.

नंतरच्या रविवारी त्यांनी घरातला जुना मिक्सर उघडला, मग पंखा. ती आली नाही. गाडी गेली तर नवराही गेला, असं ते म्हणाले होते. मला त्या वेळी ते बोलणं हट्टी म्हाताऱ्याचं वाटलं होतं. ताई आता सुरक्षित आहे. फाटकाला कुलूप नाही, रात्री अश्विन निवांत झोपतो. आम्ही सगळ्यांनी जे करा म्हटलं ते त्यांनी केलं आणि ते बरोबरच केलं, असं मी स्वतःला रोज सांगते.

परवाच्या रविवारी सकाळी मी फुलं तोडायला बाहेर आले, तर मनोहरराव स्वतःच्याच फाटकाबाहेर रस्त्यावर उभे. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला.

"काहून भाऊजी, बाहेर उभे?"

"तिनं घरात थांबू देलं नाही."

"म्हणजे?"

"म्हने, आज इतवार हाय, माया नवरा घरी येते. परका मानूस घरात बरा दिसत नाही. तुमी बाहेर थांबा." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "मंग थांबलो."

माझ्या हातात फुलांची परडी होती. ती भिंतीवर ठेवून मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. घरातून ताईचा आवाज आला, उत्साहाचा, तरुण बाईसारखा.

"वंदना! दिसले का वं ते येताना?"

मी मनोहररावांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि मला हळूच म्हणाले, "येऊन राहिले, म्हना."

"येताहेत गं ताई," मी ओरडून सांगितलं.